पिन लावलीय का?

आमच्या लॅबमध्ये डेड स्टॉकचं एक रजिस्टर आहे. एकदा त्यात वस्तू चढली की ती मोडो, गंजो, उंदरांनी खावो, खाली उतरत नाही. मी नोकरीला लागले त्याआधीच बंद पडलेला एक ऑसिलोस्कोप अजून त्यात सुखरूप आहे आणि दर मार्चमध्ये मी त्याच्यापुढे "आहे" असं लिहून सही करते. किस्स्यांचंही तसंच होतं बघा. मुद्दाम कोणी जमवत नाही, पण ते निर्लेखित करायलाही कोणी येत नाही. कपाटात एकावर एक चढत राहतात आणि दार उघडलं की अंगावर पडतात.

मी तांबे मॅडम, इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबची असिस्टंट. कॉलेज नगरपासून तासाभरावर, नेवाशाच्या बाजूला, आणि तिन्ही अंगांनी ऊस. चौथ्या अंगाला रस्ता आहे, त्यावरून ऊसच जातो. माझ्याकडचे बहुतेक किस्से एकाच माणसाचे आहेत, आमच्या गाडेकर सरांचे. माणूस हुशार, सरळ, आणि बुटाची लेस बांधायची असली तरी आधी ब्लॉक डायग्राम काढणारा.

सरांच्या पीएचडीचा विषय असा: वायरलेस सिग्नल उभ्या उसातून गेला की त्याचं काय होतं, आणि पलीकडून निघालेला निरोप अलीकडे नीट कसा वाचायचा. विहिरीवरची मोटार घरी बसून चालू-बंद करायची तर निरोप उसातूनच जाणार. दहा-बारा फुटी ऊस त्याला सरळ जाऊ देत नाही. थोडा गिळतो, थोडा फिरवतो, एकच निरोप दोन-तीन वाटांनी पुढेमागे पोचवतो. वाटेनं किती खोडी केली ते ओळखायचं, त्याला चॅनेल एस्टिमेशन म्हणतात. पलीकडचं बोलणं नेमकं कुठून सुरू झालं ते पकडायचं, ते सिंक्रोनायझेशन. सर सहा वर्षं ह्या दोन्हींच्या मागे होते.

मग विद्यापीठाचं पत्र आलं की ही शेवटची मुदतवाढ, यानंतर नोंदणी रद्द. मॅनेजमेंटनंही तोंडी सांगितलं होतं की पीएचडी नसलेल्यांचा जूनमध्ये "विचार करावा लागेल." हा विचार कसला, ते आमच्या शिपायालाही कळत होतं.

* * *

कॉलेजच्या मागचा ऊस आबांचा. आबा पंचाहत्तरीचे, ताठ, डोक्यावर टोपी आणि तोंडात कायम एक प्रश्न. त्यांच्या विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत सरांनी ट्रान्समीटर ठेवला होता. आकारानं जेवणाच्या डब्याएवढा, म्हणून आबा त्याला डबाच म्हणत. तिथून आमच्या लॅबच्या खिडकीपर्यंत एक किलोमीटर, मधे सगळी आबांची उसाची पट्टी.

पहिल्या दिवशी आबांनी विचारलं, "सर, हा डबा बोलतो काय?"

सर खुलले. म्हणाले, "आबा, तो आधी एक ठरलेलं वाक्य बोलतो. लॅबमधल्या यंत्राला ते वाक्य पाठ असतं."

"पाठ हाय, तर मंग बोलायचं कशापायी?"

"तिकडे पोचेपर्यंत ते किती बिघडलं ते बघायचं. त्यावरून मधल्या वाटेचा अंदाज येतो. मग पुढचं नवीन वाक्य त्या अंदाजानं दुरुस्त करून वाचायचं."

आबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मग म्हणाले, "म्हंजी निरोप्या किती लबाड हाय ते बघायला आधी त्याच्याकडं आपल्याला ठावं असलेलाच निरोप द्यायचा. व्हय ना?"

सरांनी डायरी काढून ते वाक्य लिहून घेतलं. त्यांच्या थिसिसचं पहिलं प्रकरण बत्तीस पानांचं आहे. मी ते टाइप केलंय म्हणून सांगते, त्यात याच्यापेक्षा जास्त काही नाही.

* * *

सुरुवातीला दोन्हीकडची यंत्रं एकाच क्षणी सुरू करावी लागत. त्यासाठी जीपीएसचं घड्याळ मागवलं होतं, पण तीन कोटेशनांपैकी तिसरं येईना. फोनवरून "सुरू" म्हणावं, तर ते कधी लगेच ऐकू येई, कधी सावकाश, कधी नुसतंच "रू".

सरांना एक कल्पना सुचली. साखर कारखान्याचा बाराचा भोंगा. तो सगळ्या गावाला ऐकू जातो, वेळेवर वाजतो आणि फुकट आहे. सर विहिरीवर, मी लॅबमध्ये. भोंग्याचा पहिला आवाज कानावर पडला की दोघांनी बटन दाबायचं.

दाबलं. तीन सेकंदांचा फरक आला. दुसऱ्या दिवशी तीन. तिसऱ्या दिवशी सरांनी मला माझं बटन दाबायचं बोट बदलायला सांगितलं. चौथ्या दिवशी ते प्रोग्राम उलटापालटा करून बसले, आणि मी रात्री पुरेशी झोप घेते का अशीही चौकशी झाली. मला राग आला. मी माझ्या झोपेबद्दल कोणाचं ऐकून घेत नाही.

पाचव्या दिवशी सर विहिरीवर डोक्याला हात लावून बसलेले पाहून आबांनी विचारलं, "झालं काय?"

सरांनी सांगितलं.

"अवो सर, कारखाना आमच्याकडून जवळ हाय आन् कॉलेज लांब. आवाजाला तिथवर चालत जावं लागतं का न्हाई?"

त्या दिवशी सकाळच्या पहिल्या तासाला सरांनी फळ्यावर काय शिकवलं होतं सांगू? लहरीला एका जागेवरून दुसरीकडे पोचायला लागणारा वेळ. सोडवलेल्या दोन उदाहरणांसकट.

* * *

आता पेढ्यांचा किस्सा. हा नीट ऐका, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

एका सोमवारी सकाळी मी मशीन चालू केलं आणि स्क्रीनवर आलं: चुका शून्य. मी सरांना बोलावलं. त्यांनी परत लावून पाहिलं. शून्य. ठरलेलं वाक्य उसातून जसंच्या तसं आलेलं, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. दुपारी शून्य. मंगळवारी शून्य. सरांचे डोळे भरून आले होते, हे मी स्वतः पाहिलंय.

आमचे एचओडी फार बोलत नाहीत, पण त्यांनी डिपार्टमेंटच्या ग्रुपवर टाकलं. चौकातून पेढे आले. प्रिन्सिपॉल आले. सरांच्या गळ्यात हार घातला, फोटो काढला. सर दोन शब्द बोलायला उभे राहिले आणि त्यांनी पहिलेच आभार मानले आबांचे.

तेवढ्यात आबाच दारात. हातात एक पांढरी पिन.

"सर, बरं झालं भेटले. शनवारी नातवानं मोबाईल चार्जिंगला लावायला तुमच्या डब्याची पिन काढली, ती परत लावायचीच राहिली की. तुमचं काय खोळंबलं तर न्हाई ना?"

झालं होतं असं की सरांच्या प्रोग्राममध्ये जुनी एक ओळ राहून गेली होती. बाहेरून काहीच आलं नाही, तर यंत्र आपलं पाठ केलेलं वाक्यच पुढे करायचं. आणि पाठ केलेल्या वाक्याशी पाठ केलेलं वाक्य ताडून पाहिलं, तर चुका कुठून निघणार?

प्रिन्सिपॉलांच्या हातात अर्धा पेढा तसाच. एचओडी शांतपणे म्हणाले, "म्हणजे गाडेकर, ट्रान्समीटर नसला तर तुमची सिस्टीम उत्तम चालते."

सरांनी ती ओळ त्याच दिवशी काढून टाकली, पण त्या दिवसापासून त्यांनी चांगल्या बातमीचा धसका घेतला. रिझल्ट चांगला आला की त्यांचा चेहरा उतरतो आणि तोंडातून पहिला शब्द निघतो, "पिन लावलीय का?" त्यांची मुलगी स्कॉलरशिपच्या परीक्षेत तालुक्यात पहिली आली तेव्हा शाळेतून फोन आला. मी शेजारी बसले होते. सर फोनवर काय म्हणाले असतील ते तुम्हीच ओळखा.

* * *

शेतीच्या लाईटचं आमच्याकडे वेळापत्रक आहे. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. आबांच्या मोटारीच्या खोलीत तीच लाईट, त्यामुळे सरांची रीडिंगं फक्त दिवसाच्या आठवड्यात व्हायची. सरांना त्याची इतकी सवय झाली होती की पेपर लिहिताना ते सांगायचं राहूनच गेलं.

पेपर परदेशी जर्नलला गेला. तीन महिन्यांनी परीक्षकाचं पत्र आलं. भाषा फार नम्र. ह्या ग्राफमध्ये सिग्नल दर एका आठवड्याआड पूर्णपणे नाहीसा होतो आणि सोमवारी सकाळी परत उगवतो, ही घटना आम्हाला अत्यंत कुतूहलाची वाटली. ही उसाची काही जैविक लय आहे काय? लेखकानं खुलासा करावा.

सरांनी खुलाशाचे चार मसुदे केले. त्यांना खरं लिहायचं होतं आणि देशाची लाजही राखायची होती. शेवटी लिहिलं की हे स्थानिक वीजपुरवठ्याच्या नियोजनामुळे आहे, रात्रीच्या आठवड्यात शेतकरी रात्री पाणी भरतात.

परीक्षकाचं परत पत्र. रात्रीच्या या सिंचनाचा नेमका कशावर परिणाम होतो, ते एका वाक्यात लिहावं.

सर आबांकडे गेले. "आबा, रात्री पाणी भरल्यानं उसावर काही परिणाम होतो का?"

"उसावर न्हाई," आबा म्हणाले, "झोपंवर होतो."

पेपर छापून आलाय. ते वाक्य त्यात इंग्रजीत आहे.

* * *

हा किस्सा मला सरांच्या मिसेसनी, स्वातीनं सांगितला. आमचं दोघींचं भाजी आणायला जाणं एकत्र असतं.

सर बाजारातून सामान आणतात तेव्हा स्वाती यादी तोंडी सांगते आणि ते ती डोक्यात ठेवतात. कागद घेतला तर तो थिसिसमध्ये जातो. आता एकदा त्यांच्या घरात मिठाच्या पुड्या ठेवायला जागा उरली नाही. डब्यात मीठ, फळीवर मीठ, धुण्याच्या सोड्याशेजारी मीठ. सरांनी विचारलं, "दर वेळी मीठ का सांगतेस? आहे की."

स्वाती म्हणाली, "आहे म्हणूनच सांगते. यादीत पहिलं मीठ असतं आणि शेवटचंही मीठच असतं. दोन पुड्या आल्या तर मधलं सगळं आलं असं धरते. पहिली येऊन दुसरी आली नाही, तर समजते की वाटेत तुम्हाला कोणीतरी भेटलं आणि उसाचा विषय निघाला."

"आणि एकही आली नाही तर?"

"मग पिशवी उघडतच नाही. मीच जाते."

सहा वर्षं ह्या माणसानं विद्यापीठात जे चालवलं होतं, तेच हिनं स्वयंपाकघरात त्याच्यावरच चालवलेलं. मला वाटलं होतं सर चिडले असतील. मी विचारलंही.

स्वाती म्हणाली, "चिडतात कसले! अर्धा तास विचार करून म्हणाले, मधेही एकदा मीठ सांगत जा, जास्त अचूक येईल."

आता त्यांच्याकडे तीन पुड्या येतात.

* * *

एका दिवसाच्या आठवड्यात सरांना ग्राफमध्ये एक नवं शेपूट दिसलं. रोज सकाळी सव्वासातला सिग्नलला एक जादा वाट फुटायची, सात मिनिटं टिकायची आणि नाहीशी व्हायची. सर सातलाच लॅबमध्ये येऊन बसायचे म्हणून दिसलं, एरवी कोणाला कळलं असतं?

सरांनी हिशोब केला. म्हणाले, "मॅडम, कुठल्या तरी मोठ्या धातूच्या वस्तूवरून सिग्नल परत येतोय. ही वस्तू रोज येते आणि शेजारच्या पडीक विहिरीजवळ सात मिनिटं उभी राहते." त्यांना वाटलं यावर एक वेगळा पेपर होईल. नकाशावर त्या जागेभोवती लाल गोल काढून ते आबांना दाखवायला गेले.

आबांनी नकाशा उलटा धरला, सुलटा धरला. "सव्वासात म्हनले?"

"रोज. एक मिनिट इकडेतिकडे नाही."

"ही तर दुधाची गाडी," आबा म्हणाले. "ती आमच्याकडून सातला कॅन घेऊन निघती. तिचं या हिरीवर काय काम?"

इथे सांगायला हवं की सहा महिने आबांच्या दुधाची फॅट कमी लागत होती. वस्तीवर कुजबुज चालली होती की आबा दुधात पाणी घालतात. पंचाहत्तर वर्षांचा माणूस, कोणाच्या बांधाला पाय लावला नाही कधी. त्यांनी त्या काळात चौकात बसायचंच सोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सव्वासातला आबा पडीक विहिरीमागच्या बाभळीआड जाऊन बसले. बरोबर दोघं भाऊबंद. ड्रायव्हरनं कॅनमधून तीन तांबे दूध स्वतःच्या किटलीत काढलं आणि तीन तांबे पाणी कॅनमध्ये ओतलं, ते तिघांनीही पाहिलं. ड्रायव्हर गयावया करत म्हणाला, "पन तुम्हाला कळलं कसं?"

आबा म्हणाले, "उसानं सांगितलं."

त्या दिवसापासून आबा चौकात परत बसायला लागले. संध्याकाळी लॅबमध्ये येऊन त्यांनी आमच्या मशीनला हळद-कुंकू लावलं, त्यातलं चिमूटभर कीबोर्डात सांडलं. आणि सरांचा हात हातात घेऊन म्हणाले, "सर, तुमाला काय बी लागू द्या. या आबाला नुसतं सांगायचं."

हे वाक्य आबांना फार महागात पडणार होतं.

* * *

थिसिस सबमिट झाला. बाहेरच्या परीक्षकांनी कळवलं की व्हायव्हा लॅबमध्येच घेऊ आणि सिस्टीम उभ्या उसातून चालताना मला प्रत्यक्ष दिसली पाहिजे.

तारीख मिळाली जानेवारीच्या शेवटची. आणि आबांच्या उसाला कारखान्याकडून तोडणीची पाळी, म्हणजे तोड, मिळाली जानेवारीच्या सुरुवातीची.

सर आबांच्या वस्तीवर गेले. मीही गेले होते, सरांना एकट्यानं बोलवेना म्हणून. सरांनी दहा मिनिटं प्रस्तावना केली, हवापाणी झालं, नातवाचा अभ्यास झाला. शेवटी मीच म्हटलं, "आबा, सरांना ऊस तीन आठवडे उभा हवाय."

आबा सरांकडे बघत राहिले. "सर, आपल्याला लवकर तोड मिळावी म्हनून सगळा तालुका चेअरमनच्या मागं हिंडतोय. उशिरा तोडा म्हननारा ह्या जन्मात तुमीच पयले भेटले."

"नाही जमलं तरी चालेल, आबा."

"शब्द दिलाय तुमाला," आबा म्हणाले. ते स्वतः कारखान्याच्या शेतकी ऑफिसात गेले आणि आपली तोड पुढे ढकलून मागितली. तिथल्या क्लार्कनं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि घरी कोणाला फोन करू का असं विचारलं.

मग परीक्षकांची तारीख पुढे गेली. मग विद्यापीठानं पुढे ढकलली. फेब्रुवारी अर्धा सरला. शेजारच्या पट्ट्या मोकळ्या झाल्या आणि मधे आबांचा ऊस एकटा उभा. त्याला तुरे आले, वजन घटायला लागलं. आबा रोज सकाळी आमच्या खिडकीखाली यायचे आणि तुऱ्याकडे काठी दाखवून म्हणायचे, "सर, याला तुरा आला, तुमाला कधी येतोय?" आबा हसूनच म्हणायचे. सरांना हसू येत नव्हतं. त्या महिन्यात ते खिडकीकडे पाठ करून बसायला लागले.

शेवटी पक्की तारीख आली. आधी म्हणाले सोमवार, दिवसाच्या लाईटचा आठवडा. मग परीक्षकांना अडचण आली म्हणून पुढच्या आठवड्यातला गुरुवार झाला. विद्यापीठाची मुदत शुक्रवारी संपत होती. आबांनीही ऊसतोडणीच्या टोळीच्या मुकादमाला सांगून ठेवलं, गुरुवारी दुपारी कोयते घेऊन या, नाहीतर तुमची टोळी दुसऱ्या गावाला जाईल आणि माझा ऊस इथंच वाळेल.

* * *

गुरुवारी बाहेरचे परीक्षक आले. पांढरे केस, आवाज हळू, पायात चपला. चहा घेताना म्हणाले, "गाडेकर, मी स्वतः त्या टोकाला जाऊन बसतो. काय पाठवणार ते मी सांगणार नाही. तुमच्या यंत्राला पाठ नसलेलं काहीतरी पाठवीन. ते इथे बरोबर उमटलं तर बाकी व्हायव्हाला मला फार विचारायचं नाही."

ते आबांबरोबर बांधाबांधानं निघून गेले. लॅबमध्ये उरलो आम्ही चौघं: सर, त्यांचे गाइड, एचओडी आणि मी. निरोपाच्या शेवटी ताळ्याचा एक आकडा येतो. तो जुळला की स्क्रीनवर हिरवा गोल लागतो, नाही जुळला तर लाल. बघायचं एवढंच.

अकरा वाजून दहा मिनिटांनी हिरवा लागला.

गाइड उठून उभे राहिले. एचओडींनी सरांच्या पाठीवर हात ठेवला, जो त्यांनी माझ्या नोकरीत कोणाच्याच पाठीवर ठेवलेला मी पाहिला नव्हता. आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. तिथे मीच पेनानं खुणा करते, दिवसाच्या आठवड्याला सूर्य, रात्रीच्या आठवड्याला चंद्र.

त्या गुरुवारवर चंद्र होता.

तारीख सोमवारवरून पुढे गेली तेव्हा कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. आबांच्या विहिरीवर सकाळपासून लाईट नव्हती. म्हणजे ट्रान्समीटर बंद असणार. आणि आमच्या स्क्रीनवर हिरवा गोल होता.

मी सरांकडे पाहिलं. ते माझ्या नजरेमागून कॅलेंडरपर्यंत गेलेच होते. खोलीत हे फक्त आम्हा दोघांना कळत होतं. मी गप्प राहिले असते, खरं सांगते. त्यांची मुलगी डोळ्यांपुढे आली, जून महिना आला. मी अगदी बारीकशी मान हलवली, नको म्हणून.

सर खुर्चीतून उठले. गाइडकडे वळून म्हणाले, "सर, हा रिझल्ट धरू नका. तिकडे लाईट नाही. माझी काहीतरी चूक आहे, पेढ्यांच्या वेळी झाली तशीच. मी परत तपासतो."

"परत कधी?" गाइड म्हणाले. "उद्या शुक्रवार आहे."

सरांनी आबांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"आबा, पिन लावलीय का?"

"पिन लावून काय करू? लाईट कुठं हाय? रातीची पाळी न्हाई का या हप्त्यात?"

गाइड खाली बसले. एचओडींनी पाठीवरचा हात काढून घेतला. सर म्हणाले, "ठीक आहे, आबा. ठेवतो."

"ठेवता काय? म्हनून तर डबा ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडलाय. क्लिपा न्हवत्या, तर एक वायर मी दाबून धरलीय आन् एक तुमच्या सायबांनी. हात भरून आलेत आमचे. सायेब मला म्हनले, आबा, तुमाला सरांना काय विचारायचं ते सांगा, तेच पाठवतो. मी सांगितलं, त्यांनी पाठवलं. तुमी वाचलं का न्हाई?"

आम्ही चौघं स्क्रीनवर वाकलो. इतका वेळ सगळे त्या हिरव्या गोलाकडेच बघत होतो. त्याच्या खालची ओळ कोणी वाचलीच नव्हती.

"सर, टोळी बांधावर बसलीय. ऊस तोडू का?"